वेळेचा राग

गंगापूर रोडला जायचं असेल तर रिक्षावाल्याला ‘आकाशवाणी टॉवर’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. टॉवर साऱ्या नाशिकला ठाऊक आहे, आकाशवाणीच्या १०१.४ वर काय लागतं ते ऐकणारे मात्र विरळ होत चाललेत. शेतीविषयक सल्ला, मुलाखती, भावगीतं, बातम्या या सगळ्यांत शास्त्रीय संगीताला मिळून मिळून जागा ती किती! तरी ती जागा मला फार मोलाची वाटते, आणि त्याचं कारण घड्याळात आहे.

आपल्या मैफली आता संध्याकाळच्याच झाल्यात. सहा-साडेसहाला तंबोरे जुळतात आणि दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. या साडेतीन-चार तासांत पूरिया, मारवा, यमन, बागेश्री मावतात. ललित, तोडी, देसकार यांनी जायचं कुठे? नेहरू चौकातल्या पिंपळपारावर पाडवा पहाट रंगते, पण ती वर्षातून एकदा. भर दुपारच्या सारंगाला तर पाडवाही नाही. सकाळी तोडी आणि दुपारी बाराला शुद्ध सारंग सहज कानावर पडण्याची सोय रेडिओनेच केली. कुकरची शिट्टी होतेय, डबे भरले जाताहेत, आणि तेवढ्यात निवेदिका सांगते: राग अमुक, विलंबित एकताल, तबल्याची साथ यांची, हार्मोनियमची त्यांची. एवढंच, पुढे स्तुती नाही की विवेचन नाही. त्या कोरड्या चार ओळींनी कित्येक घरांना राग ओळखायला शिकवलं. ज्यांनी कधी गाण्याचा क्लास पाहिला नाही त्यांनाही भीमपलास लागला की चार वाजत आल्याचं कळायचं.

आणि हे नाशकात घडावं याला अर्थ आहे. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं दरबारातून लोकांत आणणारे विष्णु दिगंबर पलुस्कर अखेरच्या काळात इथेच येऊन राहिले. मुंबईतलं विद्यालय कर्जात बुडालं होतं, वृत्ती रामनामाकडे वळली होती. त्यांनी इथे रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव, याच शहरात लहानाचा मोठा होत होता. १९३१ साली वडील गेले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. १९३८ मध्ये तो रेडिओवर गायला आणि १९५५ मध्ये, पस्तिशीही न गाठता, गेला. आज बापूरावांचं गाणं ऐकायचं तर ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणीच्या फिती, एवढाच आधार उरलाय. लखलखीत, निर्मळ आवाज; एक स्वर जास्त नाही की कमी नाही. गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, परतताना कुणाच्या खिडकीतून त्यांचं रामभजन ऐकू आलं की वाटतं, गाणारा आपल्या घरी आलाय.

रेडिओ आणि शास्त्रीय संगीत म्हटलं की बाळकृष्ण केसकर आठवतात. नभोवाणी मंत्री असताना त्यांनी सिनेसंगीताला आवर घातला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच काळात, १९५२ साली, शनिवार रात्रीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, हे कमी जणांना आठवतं. मला ते दुसरं देणं मोठं वाटतं.

पण नाशिकसारखं स्थानिक केंद्र खरं उभं राहतं ते तिथल्या गाणाऱ्यांसाठी. क्लासच्या पाटीवर, कार्यक्रमपत्रिकेवर ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे दोन शब्द लिहिता यावेत म्हणून लोक वर्षानुवर्षं रियाज करतात. ध्वनिचाचणीत परीक्षकांपुढे येतो तो नुसता आवाज. नाव, घराणं, ओळख यातलं काहीच नसतं. पुढे स्टुडिओ. जाड दार बंद होतं, लाल दिवा लागतो, समोर दाद द्यायला एक माणूस नाही. काचेपलीकडे घड्याळाचा काटा फिरत असतो, आणि वेळ संपायच्या आत आलाप, बंदिश, ताना सगळं मांडून समेवर यायचं असतं. अशी शिस्त कुठलीही मैफल शिकवत नाही.

२६ जानेवारी २०१६ पासून बंगळुरूहून ‘रागम’ वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते आहे. फोनवर केव्हाही लावावी, मनसोक्त ऐकावी, मीही ऐकतो. पण सिन्नरच्या किंवा निफाडच्या मुलीला आयुष्यातला पहिला माइक नाशिकच्याच स्टुडिओत मिळायला हवा, आणि ती गाईल ती तोडी तिच्या आईला सकाळी, तोडीच्याच वेळेला, घरातल्या रेडिओवर ऐकता यायला हवी.