दोन थाऊ

हीरो होंडाचं इंजिन आडवं झोपलेलं असतं. त्यामुळे इनटेकचं टॅपेट स्टुलावर बसून वरून लावता येतं, एक्झॉस्टसाठी मात्र आपल्यालाच आडवं व्हावं लागतं. झाकण उघडलं की हेडमध्ये उरलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत येतं. नजर आत पोचत नाही, म्हणून सगळं बोटांनीच बघायचं. इनटेकने मला कधी छळलं नाही, तेव्हा त्याचा विषय इथेच संपला.

माझ्या गाडीच्या पुस्तकात टॅपेटची गॅप दिली आहे ०.०५ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. आमच्या कारखान्यातल्या भाषेत दोन थाऊ. फिलरची पाती घातली, चौकोनी मुंडीचा स्क्रू फिरवला, पाती किंचित धरली जाईल असं केलं, इथपर्यंत ॲप्रेंटिसलाही जमतं. भांडण सुरू होतं ते लॉकनटवर ९ चा रिंग पाना बसवल्यावर. नट आवळताना दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. घर्षणामुळे नट स्क्रूला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, म्हणजे गॅप कमी होते. आणि शेवटच्या आवळणीत आट्यांमधली ढिलाई खाऊन तोच नट स्क्रूला आपल्याकडे खेचतो, म्हणजे गॅप वाढते. यात कोण जिंकणार हे आटे कोरडे आहेत की ऑइलने भिजलेले, नटाचं बूड गुळगुळीत आहे की चरे पडलेलं, यावर ठरतं. स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर धरला तर अख्खी गॅप म्हणजे फेऱ्याचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात हे सगळं राजकारण.

स्क्रूची मुंडी किल्लीने धरून ठेवावी, हे मला कुणी सांगायला नको. धरतो. पण खालून, उलट्या मनगटाने, एका हातात किल्ली आणि दुसऱ्यात पाना असताना पाती ओढायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून मी स्क्रू आधीच अर्धा थाऊ ढिला ठेवायचो आणि उरलेलं नटाला खाऊ द्यायचो. माझ्या गाडीचा नट किती खातो, हे मला माहीत होतं. दुसऱ्याची गाडी आली की पहिल्या दोन आवळण्या त्या नटाची ओळख करून घेण्यात जायच्या. वर आणखी एक खोड असते. स्क्रूचं टोक वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून तिथे बारीकसा खड्डा पडतो. पाती सपाट, ती खड्ड्यावर आडवी पडते आणि खोटी साक्ष देते. पाती म्हणते दोन, प्रत्यक्षात असतात तीन किंवा चार. अशा वेळी पातीचं ऐकायचं नाही, रॉकर दोन बोटांत धरून हलवायचा आणि बोटांचं ऐकायचं.

एवढी हौस कशासाठी, असं घरच्यांनी पुष्कळदा विचारलं. ढिलं टॅपेट टकटक करतं, म्हणजे निदान तक्रार करतं. टाइट टॅपेट काही बोलत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकलेला असतानाच सीटला देतो. गॅपच उरली नाही तर तो नीट टेकत नाही, कडेने जळत जातो, आणि एक दिवस कॉम्प्रेशन बसतं. आता गिऱ्हाइकाचं बघा. त्याला आवाज नको असतो. गाडी गॅरेजला द्यायची ती आवाज बंद करून आणायला. गॅरेजवाला नट पिळतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. काही महिन्यांनी हेडचं काम निघतं, तेव्हा ते त्याच गॅरेजमध्ये येतं. मी हा धंदा अनेकदा बघितला आहे.

एकदा मुलीची स्कूटर एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती. देण्याआधी टॅपेट कव्हरच्या बोल्टवर, अर्धा बोल्टवर आणि अर्धा कव्हरवर येईल असा, तिच्याच नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला. गाडी परत आली, बिलात ‘टॅपेट सेटिंग’ची ओळ होती, आणि ठिपका शाबूत होता. मुलगी म्हणाली, जाऊन भांडा. मी गेलो नाही. खरं तर मला आनंद झाला होता. आपला संशय खरा निघाल्याचा आनंद पैसे परत मिळण्यापेक्षा मोठा असतो.

तसं म्हटलं तर माझी गाडी विसरण्यासाठीच बनवलेली. १९८५ मध्ये सीडी १०० आली तेव्हा तिची जाहिरातच अशी होती, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. तोवर विसरणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती. त्याआधीचा स्कूटरवाला असा नव्हता. १९७२ पासून आकुर्डीहून निघालेली चेतक ज्याच्याकडे होती, त्याच्या डिकीत प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. पण सकाळी ती सुरू झाली नाही की बँकेतला कारकूनसुद्धा तिला कलती करून, प्लग काढून, घासून, फुंकर मारून परत बसवायचा आणि हात पुसत ऑफिसला जायचा. त्याला कुणी मेकॅनिक म्हणत नसे. तेवढं प्रत्येकाला यायचंच.

बुलेटवाल्यांविषयी माझं मत चांगलं नाही. पण एक मान्य करायला हवं, की जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फिलर लागतच नसे. पुशरॉड बोटांनी फिरली पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, एवढाच नियम. निव्वळ चिमटीचं काम. पुढे नव्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आली, चिमटीला काम उरलं नाही. मग ही मंडळी सायलेन्सर बदलू लागली, आणि त्याचा हिशेब आता नवी मुंबईत पाम बीच रोडला राहणाऱ्यांना रात्री द्यावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर गेला. मुलीच्या नव्या स्कूटरवर पिवळा दिवा लागला की आमच्या पार्किंगमध्ये कुणालाही काही बोलता येत नाही. तो दिवा स्कॅनरशीच बोलतो. घरी गाडी खोलणाऱ्यांचे दिवस संपले, असं लोक म्हणतात. पण सेन्सर, इंजेक्टर, ईसीयू हे सगळं बाजूला सारून हेड उघडा: रॉकरच्या टोकाला तोच स्क्रू, तोच नट, आणि तेच दोन-चार थाऊंचं भांडण. त्याला स्कॅनर काही विचारत नाही.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. राहायला वाशीत, सेक्टर ९ मध्ये, सिडकोच्या जेएन टाइपच्या इमारतीत. इमारतीखाली मोकळी जागा होती आणि रविवारी सकाळी मी तिथे गाडी खोलून बसायचो. येणारे-जाणारे विचारत, पैसे वाचवता वाटतं? मी हो म्हणायचो. ते खोटं होतं. नागदेवीला जाऊन आणलेली हत्यारं, चांगल्या कंपनीचे दोन-दोन फिलर, टॅपेटची किल्ली, टॉर्च यांचा खर्च काढला तर गॅरेज कितीतरी स्वस्त पडलं असतं. गाडीवर दुसऱ्याचा पाना लागू द्यायचा नव्हता, एवढंच खरं. आणि जिन्यावरून कुणी उतरताना दिसलं, की पाती पुसायला मी जरा जास्त वेळ घ्यायचो, हेही खरं.

मग साखर निघाली. आधी पायांना मुंग्या, नंतर हातांनाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला नायलॉनचा एक धागा टेकवत विचारत गेले, आता लागलं? आता? हा धागा दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो, म्हणून दर वेळी दाब सारखाच पडतो, असं त्यांनी सांगितलं. मला पायाची काळजी वाटायला हवी होती. मी विचारत होतो धाग्याची जाडी. हा माणूस माझ्यावर फिलर लावतो आहे आणि रीडिंग येत नाही, एवढं मात्र कळलं.

बोटांचं रीडिंग पुढच्या टॅपेटला कळलं. पाती ओढली. ती सरकताना दिसत होती, पण लागत काहीच नव्हतं. थंडीने असेल म्हणून हात चोळले. वाशीत कसली थंडी! दुसऱ्या हाताने ओढून पाहिली. तेच.

कुणी फिटर हे वाचत असेल तर तो म्हणेल, गो-नो-गो कर. ०.०४ ची पाती गेली पाहिजे, ०.०६ ची जाता कामा नये, मधे बोटांना काही विचारायचंच नाही. बरोबर आहे. खालून, अंधारात ०.०४ ची पाती टोकाला वळते, ही अडचणही मी सांगू शकेन. पण खरी अडचण ती नाही. गो-नो-गो आम्ही ॲप्रेंटिसना करायला लावत असू, ज्यांच्या हाताचा भरवसा नाही त्यांना. या वयात मला ते करायचं नव्हतं.

म्हणून मुलीला बसवलं. ती योगाची चटई अंथरून गाडीखाली शिरली. स्क्रू मी धरला, पाती तिच्या हातात.

“कसं लागतंय?”

“लागतंय काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे किती?”

“बाबा, किती म्हणजे कशात सांगू?”

इथे मी अडकलो. आयुष्यभर जे बोटांना कळत होतं, ते तोंडाने सांगायची वेळ कधी आली नव्हती. कोऱ्या नोटांच्या बंडलातून मधली एक नोट ओढताना लागतं तसं, असं शेवटी म्हणालो. ती खालूनच म्हणाली, कोऱ्या नोटांचं बंडल मी कधी हातात धरलेलं नाही. मग मी मुद्दाम टाइट करून दाखवलं, मग ढिलं करून दाखवलं, मग अंदाजाने मधे आणलं आणि म्हणालो, हे लक्षात ठेव. ते मधलं बरोबर होतं की नाही, हे सांगू शकेल असं त्या पार्किंगमध्ये कुणीच नव्हतं.

शेवटी गाडी जुहूगावात एका मेकॅनिककडे नेली. पोरगा तिशीचा असेल, कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका उस्तादाकडे शिकलेला. मी स्टूल ओढून समोरच बसलो. दुकानदाराला गिऱ्हाइकाने असं समोर बसलेलं आवडत नाही, ते मला माहीत होतं, म्हणूनच बसलो. इंजिन थंड होऊ दे म्हणालो, तर म्हणाला, काका, संध्याकाळीच ठेवून जायची होती ना. सगळी झाकणं काढून, गाडी टॉपला आणून, तो आमच्यासारखाच आडवा झाला. फिलर काढलाच नाही. रॉकर चिमटीत धरून हलवला, नट आवळला, पुन्हा हलवला, अर्धवट सोडला, पुन्हा आवळला. तोही नटाची ओळख करून घेत होता. मग मान बाहेर काढून त्याने विचारलं, “काका, एक्झॉस्टचा आवाज थोडा ठेवू का पूर्ण काढू?”

हा प्रश्न गॅरेजवाले विचारत नाहीत, असं मी इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आलो. मला बरं वाटायला हवं होतं. पोटात दुखलं. ठेव, म्हणालो. तो “बरोबर” म्हणाला, आणि त्या ‘बरोबर’चासुद्धा मला राग आला, जसा काही मीच परीक्षेला बसलो होतो.

माझ्यानंतर एक डिलिव्हरीवाला आला. त्यालाही यानं तेच विचारलं. तो म्हणाला, पूर्ण काढ, डोकं उठतं. यानं काढला. डिलिव्हरीवाला गेल्यावर मी म्हणालो, अरे, व्हॉल्व्ह जळेल त्याचा. “काका, मी सांगितलं त्याला. गाडी त्याची आहे.” पुढे बोलायला मला जागा सापडली नाही. अजून शोधतो आहे. त्याने तरीही अर्धा थाऊ गुपचूप ठेवला असेल, असं मला वाटतं. मी असतो तर ठेवला असता. पण विचारलं तर तो खरं सांगणार नाही, आणि हात लावून बघितलं तरी मला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मुलीला पुन्हा गाडीखाली घातलं. तिने पाती ओढली आणि म्हणाली, तुम्ही लावलं होतं त्यापेक्षा जरासं सैल आहे. जरासं म्हणजे किती? जरासं म्हणजे जरासं. म्हणजे एकतर त्या पोराने थोडं जास्त ठेवलं आहे, नाहीतर माझं तेव्हाचं ‘मधलं’ टाइट होतं, नाहीतर व्हॉल्व्हवर खड्डा पडला आहे आणि पाती दोघांनाही फसवते आहे. गाडी छान चालते आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. टाइट टॅपेटचीही गाडी पुष्कळ दिवस छान चालते.

या रविवारी पुन्हा उघडायचं ठरलं आहे. मुलीच्या दोन अटी आहेत: सकाळी नऊच्या आधी उठवायचं नाही, आणि चटई मी धुवायची. आणि यावेळी, ती म्हणाली, ०.०४ आणि ०.०६ च्या पात्याही काढून ठेवा.