विमा आणि खोपट

प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायची आपल्याकडे रीत आहे. वाटेत काय वाढून ठेवले आहे हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून घरातल्यांच्या काळजीने घेतलेले हे एक साधे रूप. विमा हेही त्या काळजीचेच रूप. फरक एवढाच, की त्यावर सही-शिक्का असतो आणि त्याला कलमे असतात.

ही कलमे वाचायची पाळी माझ्यावर आली ती २०२१च्या नोव्हेंबरात. ताईचे पहिले बाळंतपण सिंगापूरला व्हायचे होते आणि आईने जळगावहून तिकडे जावे, असे घरात चालले होते. भारतातून येणाऱ्या, लस घेतलेल्या प्रवाशांना २९ नोव्हेंबरपासून विलगीकरणाशिवाय प्रवेश द्यायचे सिंगापूरने ठरवले. पण तीनच दिवस आधी, २६ तारखेला, जागतिक आरोग्य संघटनेने ‘ओमायक्रॉन’चे नाव जाहीर केले! दार उघडले, आणि उंबऱ्यातच मांजर आडवे गेले.

कोविडच्या उपचारांसाठी किमान ३०,००० सिंगापूर डॉलरचा विमा हवा, अशी तिकडची अट होती. रुपयांत सोळा लाखांच्या घरात. आकडा ऐकून आईला धीर आला. मला मात्र बारीक अक्षरे वाचून घाम फुटला. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर खर्च मिळणार. पण आधीपासून असलेल्या आजाराचा नाही. आईला मधुमेह! नुसते वेगळे राहावे लागले, तर खोलीचे भाडे आपले. शिवाय बिलाची सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच भरायची. विमा संकट टाळत नाही. संकटाची पैशांतली बाजू तेवढी उचलतो, तीही मोजूनमापून.

त्याच आठवड्यात धुळ्याहून मामा आले. कागद बाजूला सारून त्यांनी एकच विचारले, “अक्का, तठे काही व्हयनं ते तुले कोन देखी?”

मामांचा प्रश्न अनुभवातून आला होता. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा ते तिथे यंत्रमागावर कामाला होते. लाखो लोक शहर सोडून पळाले. परदेशांनीही भारताची विमाने थांबवली. खानदेशची माणसे मिळेल त्या गाडीने ताप्ती लाइनवरून घराकडे निघाली. मामा दोंडाईच्याला उतरले. त्यांच्याजवळ विमा नव्हता. पण गाव होते. आजीने मात्र त्यांना घरात घेतले नाही. शेतातल्या खोपटात आठ दिवस ठेवले आणि दोन्ही वेळा बांधावर भाकरी नेऊन ठेवली. जुन्या प्लेगात लोक गाव सोडून शेतात राहत, हे तिने थोरांकडून ऐकले होते.

ती गोष्ट ऐकताना मला पुण्याची बातमी आठवली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले. दुबईच्या सहलीहून परतलेले जोडपे. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीला आणि मुंबईहून त्यांना आणणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही लागण झाल्याचे कळले. प्रवाशाच्या पॉलिसीत टॅक्सीवाल्याचे नाव कुठे असते?

आईच्या मनात हेच होते. ती म्हणाली, “माझ्या बिलाचं विमावाले पाहतील गं. पण मी पोरीच्या घरात काय घेऊन जाईन, त्याचं कोण पाहणार?” आम्ही रात्रभर बोललो. न जावे, तर ताई परक्या मुलखात एकटी. जावे, तर धोका दोघींना, आणि पोटातल्या जिवालाही. अखेर आई गेली. डॉक्टरांना साखर दाखवून, तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून, विम्याचा कागद पासपोर्टात ठेवून. निघताना आणि उतरल्यावर चाचणी झाली. दोन्ही वेळा निकाल चांगला आला. तरीही पहिले सात दिवस ती वेगळ्या खोलीत राहिली. ताई दाराबाहेर ताट ठेवी आणि रडे. बाराव्या मजल्यावर आईने आजीचे खोपट उभारले होते!

महामारीत परदेशी जावे की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. गरज ज्याची त्यालाच ठाऊक. पण जाणाऱ्याने दोन हिशेब मांडावेत, असे मला वाटते. आपले काय जाईल याचा हिशेब विमा करतो, त्याची कलमे डोळे उघडे ठेवून वाचावीत. आपल्यामुळे दुसऱ्याचे काय जाईल, हा हिशेब कोणतीच कंपनी मांडत नाही. तो आपला आपणच करायचा, आणि त्याचा हप्ता पैशांत भरता येत नाही.