परतीच्या बोलीवर

विदर्भातला वसंत कोमल नसतो. मराठी कवितेने त्याला कोकिळा, आम्रमोहोर आणि मंद वारा बहाल केला आहे खरा. पण गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या काठी तो फाल्गुनात येतो तेव्हा उन्हाला धार चढलेली असते, सुकी पाने पायाखाली वाजत असतात आणि उघड्याबोडक्या रानात पळस पेटलेला असतो. पान नाही, सावली नाही; नुसते फूल. त्या वाकड्या पाकळ्यांच्या तळाशी मधुरस साठतो. तहानलेल्या रानातली ही पाणपोई मैना, कोतवाल आणि शिंजीर यांच्यासाठी दिवसभर उघडी असते.

आम्ही दोघे गेली काही वर्षे याच दिवसांत येथे येतो. पाणपक्षी पाहायचे तर ऐन हिवाळ्यात यावे, असे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. आम्हांला ओढ आहे ती या संधिकाळाची. काठावर फुलांचे आगमन आणि पाण्यावर पाहुण्यांची निघण्याची तयारी, दोन्ही एकाच वेळी चाललेली. उत्तरेकडून, पार मध्य आशिया-सायबेरियातून आलेली तलवार बदके आणि लालसरी आता झपाट्याने चरत असतात. लांबत जाणारा दिवस त्यांच्या शरीराला प्रवासाची वर्दी देतो आणि ती अंगावर चरबी साठवू लागतात. हीच त्यांची शिदोरी. या दिवसांत त्यांना उगाच एकदा उडवले तरी तिच्यातला एक घास कमी होतो. म्हणून आम्ही बांधावर एका जागी बसून राहतो; आमचे गुडघेही आताशा याच मताचे झाले आहेत. पहाटे काठावरचा मोह टपटपत असतो. जवळ जाण्याचा दुसरा मोह मात्र आवरावा लागतो.

बसून राहिले की तळे आपली घरची माणसे दाखवू लागते. पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, शीळ घालत जाणाऱ्या अडया आणि ते हळदीकुंकू बदक : काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे ठिपके. हे नाव ज्या अनामिकाने दिले, त्याने तो पक्षी किती मायेने न्याहाळला असेल!

तळेही मुळात माणसांच्याच हातचे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. हेतू शेतीला पाणी मिळावे हा. पक्ष्यांना जागा मिळाली ती शेतीच्या आश्रयाने. पुढे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि इथल्या लोकांकडून ऐकलेली रानाची भाषा त्यांनी मराठीत आणली. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्यानंतर यंदा प्रथमच येथे आलो आणि राहून राहून सारसाची आठवण झाली.

हे तळे एकेकाळी सारसांचेही होते. आज महाराष्ट्रात ते प्रामुख्याने गोंदिया-भंडारा परिसरात, तेही मोजकेच उरले आहेत. या तळ्यावर आम्हांला इतक्या वर्षांत एकही दिसलेला नाही. सारस दूरदेशी जाणारा पक्षी नव्हे. तो जोडीने राहतो, पाणथळीत किंवा धानाच्या बांधीत घरटे करतो. त्यामुळे तो एखाद्या ठिकाणाहून नाहीसा झाला, तर तो कार्तिकात परत येईल असे म्हणून वाट पाहण्याची सोय उरत नाही.

लालसरीच्या जाण्याचे आम्हांला दुःख होत नाही, कारण ते जाणे परतीच्या बोलीवर असते. परंतु ही बोली पक्षी एकटे पाळू शकत नाहीत. पाणी राखणे आणि शांतता राखणे हा आपल्या बाजूचा शब्द. जे जातात ते परत येतातच, असा समज निसर्गाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. सारसाने तो समज खोटा ठरवला आहे.

असो. पुढच्या हिवाळ्यात पळसाला नुसती पाने असतील. पाण्यावर मात्र पाहुणे असावेत.