महालांतील एका माडीची तक्तपोशी

नागपुरास येणारा प्रवासी बहुधा सीताबर्डीचा किल्ला दुरून पाहतो, दीक्षाभूमीचें दर्शन घेतो, 1863 सालीं उघडलेल्या अजब बंगल्यांत तास दोन तास काढतो आणि संत्र्यांची करंडी घेऊन परतीची गाडी धरतो. जुनें नागपूर मात्र शुक्रवार तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या, पलीकडे आहे. पूर्वीचा जुम्मा दरवाजा, ज्यास आतां गांधी दरवाजा म्हणतात, त्यांतून महालांत शिरावें आणि बाजाराची गर्दी मागें टाकून एखाद्या बोळांत वळावें. सिमेंटच्या उंच इमारतींच्या मध्येंच अंग चोरून उभा असलेला एखादा वाडा अजून दिसतो. दिंडी दरवाजा, चौक, सपरी, टांगलेली बंगई आणि वर सागवानी माडी.

ह्या वस्तींत सागवानाचा मान मोठा. भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा असून त्यांतील लांकडी कोरीव काम नांवाजलेलें होतें. 1864 सालीं तो आगींत गेला आणि मोठें प्रवेशद्वार तेवढें मागें उरलें. तथापि ज्या वनांनीं हें लांकूड पुरविलें तीं दूर नाहींत. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतील आलापल्लीचें सागवान आजही नांवाजलेलें आहे. 1982 सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर तें वन त्यांत गेलें, आणि 2014 सालीं त्याच्या एका भागास जैवविविधतेचें वारसास्थळ ठरविण्यांत आलें. 2023 सालीं अयोध्येच्या मंदिराकरितां सागवान रवाना झालें तें बल्लारपुराहूनच.

गेल्या कार्तिकांत मी महालांत गेलों तो माझ्या आजोळच्या वाड्यांत. थोरल्या मामांच्या नातवाची मुंज माघांत ठरली होती आणि त्याआधीं माडीची जमीन घासून तिला नवें तेल द्यावें असें ठरलें होतें. पण खरा प्रश्न निराळा होता. वाडा ठेवावा कीं बांधकामवाल्यास द्यावा, ह्यावर दोघा मामांचें गेलीं चार वर्षें एकमत नव्हतें. थोरले मामा म्हणत, “ठेवायचा असेल तर नव्यासारखा करून ठेवूं.” धाकटे मामा म्हणत, “नव्यासारखा करावयाचा तर मग जुना ठेवावयाचा कशाला?”

आपल्या घरांतून जमीन राखण्याची रीत सारवणाची. शेणाचा हात रोज फिरे, आणि प्रत्येक हाताबरोबर जमिनीवर एक पातळ थर चढे. लांकडाचें गणित ह्याच्या उलट आहे. फळी घासली कीं ती थोडी कमी होते, आणि कमी झालेलें परत येत नाहीं. सव्वा इंची फळी एका पिढींत एकदां घासली तर कित्येक पिढ्या पुरते. हौसेनें वरचेवर घासली तर नातवंडांच्या वांट्यास खिळ्यांचीं डोकीं येतात.

मिस्त्री आले, त्यांनीं प्रथम यंत्राला हात लावला नाहीं. माडी रिकामी करवून ते गुडघ्यांवर बसले आणि प्रत्येक खिळा बोटानें चांचपून सुंब्यानें आंत ठोकला. कारण एक डोकें वर राहिलें तरी पॉलिशपेपर फाटतो आणि फळीवर ओरखडा उठतो. एका कोपऱ्यांत जुन्या हिरव्या तैलरंगाचे ओघळ होते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो व त्याची धूळ मुलांस घातक, म्हणून तो भाग कोरडा न घासतां ओला करून खरवडला. तसेंच फळ्यांमधील फटी कठीण लुकणानें भरूं नयेत असें त्यांनीं बजाविलें. वैशाखांत नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हां लांकूड सुकून फटी रुंदावतात. श्रावणांत तेंच लांकूड ओल पिऊन फुगतें. त्याला हालण्यापुरती जागा ठेवलीच पाहिजे.

मग घासणें. पॉलिशपेपरचा आंकडा लहान तितकी त्याची रेती जाड. आरंभ 60 पासून, मग 80, मग 120. मधला कागद गाळावयाचा नाहीं. प्रत्येक कागदाचें काम एकच, आधीच्याचे ओरखडे पुसावयाचे. घाईनें एक पायरी सोडली तर कोरड्या फळीवर कांहींच दिसत नाहीं, पण तेलाचा हात फिरतांच सारे ओरखडे वर येतात. मिस्त्री दर खेपेस फळ्यांवर शिसपेन्सिलीनें आडव्या रेघा ओढीत. रेघ पुरी पुसली गेली म्हणजे तो कागद झाला असें समजत. हात नेहमीं रेषांच्या दिशेनें, कधींही आडवा नाहीं. आणि 120 च्या फार पुढें जाणेंही बरें नव्हे. फळी आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल आंत मुरत नाहीं.

सागवानाच्या अंगीं वाळूसारखी सिलिका असते, म्हणून रंध्याची धार त्यावर लवकर बोथटते. त्याची धूळ कित्येकांच्या कातडीस खाज आणते. लांकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत झालेली आहे. म्हणून मामींनीं मुलांना चौकांत पाठविलें आणि माडीवरच्या सर्वांनीं नाकातोंडास मुखपट्टी बांधली.

तिसऱ्या प्रहरीं खरी अडचण आली. खिडकीपाशीं फळ्यांत एक उथळ खळगा होता. आजी तेथें बसून तांदूळ निवडीत असे. तिच्या आधीं तिची सासू तेथेंच बसे. थोरले मामा म्हणाले, “मिस्त्री, हा खळगा राहतां कामा नये. मुंजींत पानें मांडायचीं आहेत.” मिस्त्रींनीं फटींत तार घालून तेथील जाडी मापली, मग भिंतीकडील फळीची मापली, आणि म्हणाले, “काकाजी, हा खड्डा काढाचा म्हणाल तर अख्खी माडी तेवढी खाली न्यावी लागते. मंग खिळे वर येतीन अन् फळी पापडावानी होईन. पुढच्या खेपेले घासाले काही राहनार नाही.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरले मामा खळग्याशीं बसले आणि तळवा त्यावर कितीतरी वेळ फिरवीत राहिले. शेवटीं म्हणाले, “पुढच्या खेपेला, म्हणतोस?” मग धाकट्या भावाकडे न पाहतांच त्यांनीं 120 चा कागद मागितला. तेवढी जागा यंत्राविना, हातानें घासली गेली. एका बाजूनें थोरले मामा, दुसऱ्या बाजूनें धाकटे.

संध्याकाळीं धूळ तीनदां झाडली, ओल्या फडक्यानें टिपली. दुसरे दिवशीं सागवानाचें अंगचें तेल वर येऊन नवा हात धरीत नाहीं म्हणून स्पिरिटनें फळ्या पुसल्या आणि मग जवसाच्या तेलाचा पहिला पातळ हात दिला. लाखेचें पॉलिश कपाटाला शोभतें. जमिनीवर पाणी सांडलें कीं तें पांढरें पडतें. तेलाचे बोळे मात्र मिस्त्रींनीं चौकांतील दोरीवर एकेक उलगडून वाळत घातले. गोळा करून ठेवलेले जवसाचे बोळे आपोआप तापून पेट घेतात, हें कित्येकांस ठाऊक नसतें. राजवाड्याची गोष्ट ऐकून आलेल्या मला त्या दोरीकडे पाहून बरें वाटलें.

वाड्याचा निर्णय त्या दिवशीं झाला असें मी म्हणत नाहीं. पण निघतांना धाकटे मामा जिन्यापाशीं थांबून मिस्त्रींना विचारीत होते कीं आतां ही जमीन पुन्हां कधीं घासावी लागेल. मिस्त्री म्हणाले, तेल वेळच्या वेळीं देत गेलां तर वीस वर्षें तरी नको. धाकट्या मामांनीं तें दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवलें.