नेम

मराठीत ‘नेम’ हा एकच शब्द तीन ठिकाणी राबतो. नेमधर्मातला नेम म्हणजे व्रत, नियम. बंदुकीचा किंवा गोफणीचा नेम म्हणजे वेध. आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ असे म्हणतो तेव्हा तोच शब्द भरवसा या अर्थाने येतो. वर्गात हे उदाहरण आम्ही दोघांनीही अनेकदा दिले आहे. एकाच महाविद्यालयात वीसएक वर्षे मराठी शिकवताना अशी उदाहरणे सहज साठत जातात. पण या तीन अर्थांना एकत्र बांधणारा धागा कोणता, हे आम्हांला पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकवले एका रायफलच्या दुर्बिणीने, आणि त्या शिकवणीची किंमत एका मुक्या जिवाने मोजली.

आमच्यापैकी एकाचे मामा मुखेड तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर शेती करतात. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीची ओळ, पुढे जमेल तशी ज्वारी. रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाची शिकार संपली, हे योग्यच झाले. मात्र पीक उद्ध्वस्त करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याकडून रीतसर परवानगी मिळू शकते. मामांनी ती काढली होती. घरात वडिलांच्या काळापासून परवान्याची 315 बोअरची रायफल होती. पण सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना नळीच्या टोकावरची माशी आता दिसेना. म्हणून त्यांनी दुर्बीण घेतली. परवानाधारक कारागिराने रायफलच्या पाठीवर भोके पाडून पट्टी बसवून दिली. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्या आणि दुर्बीण मात्र खोक्यात राहिली. सोबत आठ पानांची इंग्रजी पुस्तिका होती.

“सर, एवढं वाचून सांगा की. तुम्ही दोघं दोघं एमे आहात,” मामा म्हणाले.

आम्ही वाचले. म्हणजे आम्हांला तसे वाटले. पुस्तिकेचा पहिला परिच्छेद आम्ही प्रस्तावना समजून सोडून दिला. प्रस्तावना न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर आम्ही दरवर्षी रागावतो, हे येथे नमूद केलेले बरे. पुढे एक शब्द होता, ‘स्नग’. त्याचा अर्थ आम्ही ‘घट्ट’ असा सांगितला. त्याशेजारी काही आकडे होते, ते तांत्रिक म्हणून वगळले. “घट्ट आवळा,” एवढेच आम्ही म्हणालो. शेतकऱ्याच्या मनगटाला ‘घट्ट आवळा’ म्हटल्यावर काय होते, हे सांगायला नको.

चाचणीच्या तीन गोळ्या जवळजवळ पडल्या. मामा खूश झाले. आठ-दहा दिवसांनी, पहाटेच्या फटफटीत उजेडात, साठ मीटरवरच्या डुकरिणीवर त्यांनी बंदूक चालवली. गोळी पोटात लागली. ती ओरडत ओढ्याच्या झुडपांत शिरली. मामा आणि गडी दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे फिरले. तिसऱ्या दिवशी आकाशात घारी घिरट्या घालू लागल्या तेव्हा ती सापडली. ज्या माणसाने आयुष्यभर बैलाला चाबूक उगारला नाही, तो आमच्यासमोर बसून म्हणाला, “नेम तं बरोबर होता, सर. तुम्ही म्हणलात तसंच आवळलं होतं.”

त्या वाक्यात आरोप नव्हता; असता तर सोसणे सोपे गेले असते. आम्ही पुन्हा पुस्तिका उघडली, आणि या वेळी शब्द न् शब्द वाचली.

ज्याला आम्ही प्रस्तावना समजलो होतो, तोच परिच्छेद पाया होता. कड्या बसवण्यापूर्वी खालच्या पट्टीचे स्क्रू तपासा, असे तेथे लिहिले होते. भोकांतले तेल पुसून काढा, कारण तेलकट आट्यांत स्क्रू किती आवळला गेला याचा अंदाज चुकतो आणि तो पुढे सैल होण्याचाही धोका असतो. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. हा न्यूटनचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. पण दर गोळीमागे तो हिसका दुर्बिणीलाही बसतो, आणि तो पेलायचे काम चार-सहा बारीक स्क्रूंकडे असते, हे ध्यानात येत नाही. मामांच्या रायफलची पट्टी अशीच हिसक्या-हिसक्याने ढिली झाली होती.

किती ढिली? त्याचे गणित साधे आहे. दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटरचे अंतर धरा. त्यांतले एक टोक अर्धा मिलिमीटर सरकले, तर साठ मीटरवर नेम तीस सेंटिमीटर चुकतो. डोळ्याला न दिसणारी ती फट जनावराच्या काळजापासून पोटापर्यंतचे अंतर होते. फुलीची रेघ काळजावरच होती. मामा खोटे बोलत नव्हते. फक्त ती रेघ आणि नळी यांची सोबत सुटली होती.

आणि ‘स्नग’ म्हणजे घट्ट नव्हे. अंगासरसे, अंगरखा अंगाला बसतो तसे. टोचत नाही आणि लोंबतही नाही. वगळलेले आकडे होते पंधरा ते अठरा इंच-पौंडांचे. म्हणजे अडीच इंची पान्याच्या टोकाला साधारण तीन किलोचा भार, दोन बोटांचा जोर. त्याहून अधिक आवळले की दुर्बिणीची पातळ नळी चिमटली जाते. मामांनी एक बाजू पूर्ण पिळून मग दुसरी घेतली होती. खरी रीत अशी, की समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे आणि कडीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची. “ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतो तसंच की हे,” मामा म्हणाले. आठ पानांचे भाषांतर त्यांनी एका वाक्यात केले.

मग आम्ही तिघांनी मिळून सारे खोलून पुन्हा बसवले. रायफल रिकामी असल्याची खात्री आधी मामांनी केली, नंतर आम्ही दोघांनीही करून पाहिली. डोळा आणि भिंग यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर राहील अशी दुर्बीण मागेपुढे सरकवली. अंतर कमी राहिले तर हिसक्याने तिची कड भुवईत घुसते. रायफल सपाट आहे हे पाहून भिंतीवर गवंड्याचा ओळंबा सोडला आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. स्क्रूंच्या माथ्यावर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पुढे एखादा फिरला तर लगेच कळावे. नंतर रीतसर परवानगी घेऊन, मातीच्या उंच बांधापुढे कागद लावून, मामांनी पुन्हा गोळ्या लावून पाहिल्या. या वेळी त्यांनी एक नेम केला: दर खेपेला निघण्यापूर्वी ठिपके पाहायचे. व्रताचा नेम आणि वेधाचा नेम एक का, याचे उत्तर तेथे मिळाले. पहिला पाळला तरच दुसऱ्याचा भरवसा.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या खेळात वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून पाहायचे असते, आणि लक्ष्याचे सर्वांत आतले, दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटरचे. तेथेही ते छिद्र जागचे हलले तर कितीही साधना केलेला डोळा फुकट जातो. पाहण्याच्या साधनाची बैठक पक्की हवी, हा नियम सर्वत्र सारखाच.

तरी एक गोष्ट पक्क्या बैठकीनेही साधत नाही. अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसला, याचे आपण कौतुक करतो. दशरथाला मात्र नुसता घागर भरल्याचा आवाज ऐकू आला होता, आणि जरा व्याधाला हरणासारखे काहीतरी दिसले होते. 2025 च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने सोबतच्याच माणसाचा जीव गेला. रायफलवरच्या दुर्बिणीतून ‘तिकडे काय आहे’ असे पाहणे म्हणजे तिकडे नळी रोखणे होय. म्हणून ओळख आधी, वेगळ्या साधनाने पटवायची. रायफल नंतर उचलायची.

मामांनी आता एक साधी हातदुर्बीण घेतली आहे. ती त्यांच्या गळ्यात असते. बहुतेक रात्री ते तिच्यातूनच पाहतात, डबा वाजवतात, आरोळी देतात आणि परततात. रायफल त्यानंतर फार थोड्या वेळा बाहेर निघाली आहे. डुकरिणीचा विषय ते काढत नाहीत, आम्हीही नाही.

असो. आम्ही भाषांतरावर व्याख्याने देतो, ‘आशयाशी प्रामाणिक राहा’ असे फळ्यावर लिहितो. त्या पुस्तिकेची आम्ही केलेली मराठी प्रत, आकड्यांसकट, आता मामांच्या कपाटात परवान्याच्या पाकिटात आहे. सुरुवात पहिल्या परिच्छेदापासून केली आहे.