नवी बॅटरी, जुनी गाडी आणि बोरघाट

तळेगाव-लोणावळा पट्ट्यात विजेवरची गाडी घेऊ पाहणारी माणसं मला हमखास एक गोष्ट विचारतात. "पाच-सात वर्षांत ही गाडी जुनी पडणार. तेव्हा नवी बॅटरी, नवा कॉम्प्युटर टाकून तीच वापरता येईल ना?" माझी नोकरी बॅटरी पॅकची जुळणी आणि चाचण्या करण्यात गेली, त्यामुळे मोघम उत्तर देणं मला पटत नाही. कोणता भाग पुढे बदलता येईल, हे गाडी कारखान्याबाहेर पडण्याआधीच ठरलेलं असतं. आराखडा काढणाऱ्यानं भाग सुटे करता येतील असा सांधा कुठे ठेवला, त्यावर ते अवलंबून असतं. सांधा ठेवलेलाच नसेल तर नंतर कितीही पैसे घाला, तो निर्माण होत नाही.

याचा पुरावा आमच्याकडे रुळांवर आहे. 1929 मध्ये कल्याण ते पुणे हा लोहमार्ग 1500 व्होल्ट डीसी विजेवर आला आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. बोरघाटात मालगाड्या ओढणारी 'खेकडा' इंजिनं त्याच काळातली. पुढची कित्येक दशकं त्यांनी हा चढ पेलला. त्यांच्यानंतर चित्तरंजनची डीसी इंजिनं आली आणि गाड्यांना मागून रेटा देत राहिली. मग मध्य रेल्वेनं टप्प्याटप्प्यानं 25 हजार व्होल्ट एसी वीज आणली. केवळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांच्या मोटरी कितीही धडधाकट असल्या, तरी डोक्यावरच्या तारेत त्यांच्या उपयोगाची वीजच राहिली नाही. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतील अशी मुळातच बांधलेली इंजिनं मात्र टिकली. डेक्कन क्वीन तर आजही धावते. तिचं इंजिन अनेकदा बदललं, 2022 मध्ये डबेही नवे, एलएचबी प्रकारचे आले. इंजिन आणि डबा यांच्यातला सांधा सगळ्या रेल्वेचा सामाईक असतो, म्हणून हे शक्य झालं.

मोटारगाडीत असा सामाईक सांधा जवळजवळ कुठेच नाही. पण म्हणून सगळे भाग सारख्याच वेगानं जुने होतात असंही नाही.

मोटरची काळजी सोडून द्या. 2020 मध्ये आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची मोटर 95 किलोवॅटची होती, 2023 च्या लाँग रेंज प्रकारात ती 106 किलोवॅटच्या आसपास गेली. तीन वर्षांत एवढाच फरक. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आपण सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. चार माणसं बसलेली सोळा-सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानं अडीच युनिट वीज लागते. घर्षण, हवेचा विरोध आणि मोटरमधली घट त्यावर वेगळी. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी जवळपास तेवढ्याच उंचीवरून खाली सोडून टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला वीज निर्माण केली. चढ तेव्हा होता तेवढाच आज आहे आणि त्याला लागणारी वीजही तेवढीच. तीस युनिटच्या बॅटरीची गाडी दहा वर्षांनीही हा घाट चढेल.

उतरताना मोटर जनित्रासारखी चालून वीज परत देते (याला रिजन म्हणतात), आणि सुधारणेचं सर्वांत चांगलं उदाहरण मला इथे दिसतं. 2022 मध्ये टाटा मोटर्सनं जुन्या नेक्सॉन ईव्हीच्या मालकांनाही सॉफ्टवेअर बदलून रिजनच्या कमी-जास्त पातळ्या दिल्या. एकही सुटा भाग बदलला नाही. मोटर आणि इन्व्हर्टर यांच्या अंगी ती क्षमता आधीपासून होती. (जाता जाता एक सूचना. लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.)

कॉम्प्युटर सर्वांत लवकर जुना होतो. टेस्लानं 2019 पासून काही गाड्यांत जुना संगणक काढून नवा बसवून दिला, कारण तो वेगळ्या पेटीत होता आणि नवी पेटी त्याच जागी बसत होती. त्यापुढच्या पिढीत आकार, जोडण्या, कॅमेरे सगळंच बदललं आणि तो सरळ मार्ग बंद झाला.

आता बॅटरी. लोकांना वाटतं, तेवढाच डबा काढून मोठा बसवायचा. पण नव्या रसायनाच्या सेलचा व्होल्टेज वेगळ्या पट्ट्यात फिरतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचा व्होल्टेज तर बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे बॅटरी किती उरली हे ओळखायची बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे बीएमएसची, रीतच निराळी असते. इन्व्हर्टर, चार्जर, बारा व्होल्टची वीज पुरवणारा कन्व्हर्टर, कूलिंगचे पाइप, हे सगळं जुन्या पॅकला जुळवलेलं असतं. वजन वाढलं की सस्पेन्शन आणि अपघातात बसणाऱ्या धक्क्याची गणितं बदलतात. शिवाय पॅक पाण्यापासून सील केलेला असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बाहेरच्या गॅरेजात उघडून परत बंद केलेल्या पॅकवर अशा पावसात मी विश्वास ठेवणार नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 120 किलोवॅटचा चार्जर उभा राहिला तरी जुनी गाडी तिला झेपेल तेवढीच वीज ओढते, म्हणून नव्या चार्जरचा फायदाही तिला बेताचाच.

तरीही हे अशक्य नाही. रेनोनं 2016 मध्ये झोई गाडीची बॅटरी 22 युनिटवरून 41 वर नेली तेव्हा पॅकचं बाह्य माप जवळपास तेच ठेवलं आणि काही देशांतल्या जुन्या मालकांना ती देऊ केली. तिथे बहुतेकांची बॅटरी भाड्याची, म्हणजे कंपनीच्याच मालकीची होती. चीनमध्ये निओ या मोटार कंपनीचे ग्राहक बॅटरी-बदल केंद्रात जाऊन लहान पॅकऐवजी मोठा घेतात. दोन्हीकडे सांधा आधीच आखलेला होता.

आपल्याकडे कायदाही आडवा येतो, आणि त्यामागचं कारण योग्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ मंजुरीपेक्षा वेगळा बदल मनानं करता येत नाही. चाचणी न झालेला पॅक बसवला आणि आग लागली, तर विमा कंपनी हात वर करणार. पेट्रोलची गाडी विजेवर आणणाऱ्या किटसाठी एआयएस-123 हे मानक आहे. विजेवरच्याच जुन्या गाडीत पुढच्या पिढीचा पॅक बसवण्यासाठीही तितकंच नेमकं मानक हवं, आणि ते करण्याची ताकद पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमध्ये आहे.

कंपनीच निघून गेली तर? तळेगावात 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. 2017 अखेर कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, 2020 च्या डिसेंबरात उत्पादनही थांबलं आणि पुढे कारखाना ह्युंदाईकडे गेला. पेट्रोल गाडीचे सुटे भाग बाजारात कुणी ना कुणी बनवतं. बॅटरी पॅकच्या सॉफ्टवेअरची किल्ली मात्र एकाच कंपनीकडे असते.

राज्याच्या 2025 च्या धोरणात विजेवरच्या गाड्यांना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टोलमाफी जाहीर झाली, ते चांगलंच झालं. अशा सवलतींच्या बदल्यात सरकारनं कंपन्यांकडून पंधरा वर्षं पॅक पुरवण्याचं वचन आणि त्याच्या जोडण्यांचा उघड आराखडा मागावा. ग्राहकानंही शोरूममध्ये पडद्याचा आकार पाहण्याआधी हे लेखी मागावं: हा पॅक किती वर्षं मिळेल, पॅकमधलं एकच मॉड्यूल बदलून मिळेल का, नंतरचा मोठा पॅक या गाडीत बसेल का. उत्तर लेखी मिळालं नाही, तर गाडी आज जशी आहे तशीच शेवटपर्यंत राहणार असं धरून चाला, आणि तेवढ्यावर तुमचं भागत असेल तरच ती घ्या.