इंदूरच्या जमिनीखाली

इंदुरास जाणारा मराठी माणूस होळकरांचा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात खमंग पदार्थ चाखतो आणि रस्त्यांच्या स्वच्छतेची वाखाणणी करीत परततो. आम्हीही तेच केले. परंतु कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, नदीकाठी उभे असता आमच्या मनात प्रश्न आला: एवढ्या मोठ्या नगराचा मैला जातो तरी कोठे?

पूर्वी तो नदीतच जात असे. घरांचे सांडपाणी नाल्यांत, नाले कान्ह व सरस्वती या नद्यांत, आणि कान्हेचे पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेत! ही जुनी रीत मोडण्यासाठी महानगरपालिकेने नाल्यांत उघडणारी सात हजारांवर तोंडे बंद करून ती भूमिगत गटारांस जोडली. आता मैलापाणी कबीटखेडी व इतर ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांत नेतात. तेथे हवा खेळवून वाढविलेले सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी बागांच्या उपयोगी पडते. २०२१ साली ‘वॉटर प्लस’ हा दर्जा मिळविणारे इंदूर हे देशातील पहिले शहर ठरले.

इंदुरास हा विचार नवा नव्हे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या कृषिसंस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व माती थरांनी रचून, वेळोवेळी उलथून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. पुढे १९३४ साली जॅक्सन व वाड यांनी याच पद्धतीने वस्तीतील मैला व केरकचरा निर्धोक करून शेताला देण्याची रीत प्रसिद्ध केली. ढिगात निर्माण होणारी उष्णता रोगजंतूंचा नाश करते, हे त्यातील मर्म.

असे हे नगर. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये तेथील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि कित्येक जण दगावले. मुख्य जलवाहिनीला गळती लागली होती आणि त्याच जागी वर शौचालय बांधलेले होते! रस्ते झाडले गेले. जमिनीखालच्या जुन्या नळाकडे मात्र वेळेवर कोणी पाहिले नाही.

वाचकहो, आपल्या गावांतून आता बहुतेक घरी शौचालये झाली, ही आनंदाची गोष्ट. पण मैल्याची टाकी विहिरीपासून किती दूर आहे? तिला तडा गेला आहे काय? गाळ शेवटी कधी उपसला? टाकी जुनी झाली असेल तर पावसाळ्यापूर्वीच दुरुस्त करावी, नाहीतर नवी बांधावी. गाळ यंत्राने उपसावा. माणसाला आत उतरवू नये. आतील विषारी वायू क्षणात प्राण घेतो, आणि संरक्षक साधनांवाचून कोणास उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

इंदुराहून परतल्यावर आम्ही प्रथम आमच्याच परसात गेलो आणि विहिरीपासून टाकीपर्यंतचे अंतर मोजले.